आपल्याच नावाच्या वर दुसऱ्याची जाहिरात: सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या हळदीत असलेलं हे कुटुंब. आजोबा अडत करायचे. वडील खरेदीत उतरले. घरात आणि यार्डात त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. मुलानं पॉलिश आणि दळपाचं युनिट टाकलं. हळकुंड घाऊक विकणं हे मुख्य काम, अर्ध्या-एक किलोची पाकिटं म्हणजे बाजूचा उद्योग. २०१९ च्या महापुरात गोदामातला माल भिजला, पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये सौदे थांबले. तेव्हा सूनबाईंनी एक साधी वेबसाइट काढली आणि पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पाकिटं पाठवायला सुरुवात केली. घाऊक हळदीचा भाव कुणाच्याच हातात नसतो, पाकिटाचा थोडाफार असतो. त्यामुळे दोन-तीन हंगामांत बाजूचा उद्योग बाजूचा राहिला नाही.

या घरगुती गिऱ्हाइकाची एक सवय आहे. हळद तो वर्षातून एकदा घेतो, फेब्रुवारी ते मे या काळात, चटणीच्या कांडपाबरोबर. मग वर्षभर त्याला दुकानाची आठवण नसते. पुढच्या उन्हाळ्यात जुनं पाकीट हातात घेऊन तो त्यावरचं नाव गुगलवर टाकतो. पाकिटावर नाव होतं, फोन नंबर होता, वेबसाइटचा पत्ता नव्हता. "नाव टाकलं की आपणच वर येतो," असं घरातले सगळे सांगायचे आणि ते खरंही होतं. जाहिरातीवर रुपया खर्च होत नव्हता.

नाव कसं होतं, हेही इथे महत्त्वाचं आहे. आडनाव आणि पुढे 'सांगली हळद'. आडनाव या भागात पन्नास घरांत सापडेल असं. आणि 'सांगली हळद' ही तर कुणा एकाची मालमत्ता होऊच शकत नाही. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

(कुटुंबाच्या विनंतीवरून उलाढालीचे आकडे दिलेले नाहीत. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी त्यांचं जाहिरातीचं आणि हिशेबाचं काम बघतो.)

अडचण

मार्च २०२४. ऐन हंगामात पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "ताई, यावेळची हळद फिकी वाटते हो. आणि पाकीट बदललंत का?" सूनबाईंनी वही काढली, संगणकावर बघितलं, त्या नावानं यंदा ऑर्डरच नव्हती. बाईंनी पाकिटाचा फोटो पाठवला. पाकीट दुसऱ्याचंच. मग त्यांनी मोबाइलवर काय शोधलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट मागवला. वर शोधाच्या चौकटीत या कुटुंबाच्या दुकानाचं नाव, अगदी शुद्ध लिहिलेलं. त्याखाली बारीक अक्षरात 'प्रायोजित', आणि मग सांगलीतल्याच दुसऱ्या एका हळद विक्रेत्याची जाहिरात. त्याच्याखाली एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेची जाहिरात. मोबाइलचा पडदा तिथेच संपत होता. यांची वेबसाइट पहिल्या क्रमांकावर होती, पण अंगठ्यानं वर सरकवल्याशिवाय दिसत नव्हती.

सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट झालं. आपल्या वेबसाइटला गुगलवरून कोण, कोणत्या शब्दांनी येतं हे तिथे फुकट बघता येतं. दुकानाचं नाव शोधणारे गेल्या हंगामापेक्षा थोडे वाढले होते. सरासरी क्रमांक पहिलाच होता. क्लिक मात्र चांगलेच घटले होते. म्हणजे माणसं नाव घेऊन दारापर्यंत येत होती आणि दुसऱ्याच दारात शिरत होती.

मी सुचवलं की आपणही आपल्या नावावर जाहिरात लावू. अण्णा भडकले. "आपल्याच नावाला आपण पैसे भरायचे व्हय? आणि ते पण दरवर्षी?"

राग रास्त होता. पण समोर हंगामाचे दीड-दोन महिनेच उरले होते.

पहिला निर्णय: भांडायचं की तपासायचं

मुलाचं म्हणणं होतं, त्या विक्रेत्याला आजच वकिलाची नोटीस. त्यानं आपलं नाव विकत घेतलं, हे उघड आहे.

मला ते उघड वाटत नव्हतं. कुठल्या शोधावर आपली जाहिरात दिसावी हे ठरवणारा शब्द, म्हणजे कीवर्ड, गुगलवर लावायच्या तीन तऱ्हा आहेत. नेमका तोच शब्द, तो वाक्यांश असलेला शोध, किंवा 'ब्रॉड मॅच', म्हणजे त्या अर्थाच्या जवळपासचं जे काही असेल ते सगळं. तिसऱ्या तऱ्हेत विक्रेत्यानं फक्त 'सांगली हळद ऑनलाइन' एवढंच लावलं असेल, तरी 'अमुक आडनाव सांगली हळद' या शोधावर त्याची जाहिरात येऊ शकते. त्यानं तुमचं नाव कधी टंकलेलंच नसतं. आजकाल बऱ्याच छोट्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती कुठली तरी एजन्सी चालवते आणि सगळं आपोआपवर सोडून देते.

खात्री कशी करायची? गुगलनं २०२३ मध्ये जाहिरात पारदर्शकतेचं एक केंद्र सुरू केलं. तिथे पडताळणी झालेला जाहिरातदार कोण आणि त्याच्या कोणत्या जाहिराती चालू आहेत हे दिसतं, पण त्या कुठल्या शब्दावर लागतात हे दिसत नाही. दुसरा मार्ग लिलावाच्या अहवालाचा, कारण जाहिरातीची जागा गुगल बोली लावून देतं: आपल्यासोबत त्याच शोधावर आणखी कोण बोली लावतंय, कोण किती वेळा आपल्या वर दिसतंय, ते त्यात कळतं. मात्र तो अहवाल मिळायला आपण स्वतः जाहिरातदार असावं लागतं. बाजारात बसलेल्यालाच बाजार दिसतो.

म्हणून ठरवलं: थोड्या पैशांची जाहिरात आपल्या नावावर, नेमक्या शब्दाच्या तऱ्हेनं, लगेच सुरू करायची, आणि नोटीस आठवडाभर थांबवायची. अण्णांनी नाइलाजानं मान हलवली. क्लिकला दोन-तीन रुपये पडत होते. 'हळद पावडर ऑनलाइन' अशा सामान्य शब्दाला याच्या कितीतरी पट पडतात. आपल्या नावावर आपली जाहिरात स्वस्त पडते, कारण ती शोधाशी सर्वांत जास्त जुळते आणि गुगल दर ठरवताना बोलीबरोबर ही जुळणीही मोजतं.

पर्याय

कायद्याचा मार्ग. वकिलांनी दोन निकाल समोर ठेवले, दोन्ही दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क जाहिरातीचा कीवर्ड म्हणून वापरणं हा ट्रेडमार्कचा वापर ठरू शकतो आणि गुगलला 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणून सरसकट हात झटकता येणार नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मेकमायट्रिपच्या प्रकरणात मात्र, बुकिंग डॉट कॉमनं ते नाव कीवर्ड म्हणून वापरलं तरी ग्राहकाचा गोंधळ होत नसेल तर ते उल्लंघन नाही, असं ठरलं. मुद्दा गोंधळाचा. पुण्याच्या बाईंचा गोंधळ झालाच होता, पण या कुटुंबाकडे नोंदणीकृत ट्रेडमार्कच नव्हता. अर्जाची सरकारी फी छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये. एवढ्या वर्षांत तो अर्ज राहून गेला होता. शिवाय ट्रेडमार्क असला तरी गुगलकडे तक्रार करून दुसऱ्याच्या जाहिरातीच्या मजकुरातून आपलं नाव काढता येतं, कीवर्ड म्हणून लावणं थांबत नाही.

स्पर्धा आयोग. मुलानं कुठेतरी वाचलं होतं की भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला दंड केलाय. केलाय खरा. शोधाच्या निकालात स्वतःला झुकतं माप दिल्याबद्दल २०१८ मध्ये १३५.८६ कोटी, अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी. त्यातला पहिला आदेश २०१२ मध्ये भारत मॅट्रिमोनीवाल्यांनी केलेल्या तक्रारीवर होता. यावरून वेळेचा अंदाज यावा. एप्रिलच्या हळदीला हा मार्ग उपयोगाचा नव्हता.

गुगल सोडून दुसरीकडे. हा पर्याय कुटुंबाला सर्वांत आकर्षक वाटला आणि इथेच सर्वांत जास्त बोलणं झालं. "बाकीची शोधयंत्रं आहेत की," सूनबाई म्हणाल्या. आहेत, पण मोजायला बसलो की हाताची बोटं पुरतात. याहू बऱ्याच वर्षांपासून मायक्रोसॉफ्टच्या बिंगच्या जिवावर आहे. तो करार २००९ चा. डकडकगोचे नेहमीचे निकालही मोठ्या प्रमाणात बिंगमधूनच येतात. स्वतःची सूची उभी करायची तर सगळं वेब धुंडाळून साठवायचं आणि ते रोज ताजं ठेवायचं. एवढा खर्च करणारे थोडेच. गुगलचेच माजी जाहिरातप्रमुख निवा नावाचं जाहिरातविरहित शोधयंत्र घेऊन उतरले होते, तेही २०२३ मध्ये बंद पडलं. म्हणजे सांगलीच्या व्यापाऱ्यापुढे खरे पर्याय दोन: गुगल आणि बिंग. आणि बिंगवर भारतातलं घरगुती गिऱ्हाईक फारसं नाही, कारण ते फोनवरून शोधतं आणि फोन गुगलच्याच अँड्रॉइडचा असतो.

हे आपसूक झालेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगल शोधात मक्तेदार असल्याचा निकाल दिला. ब्राउझर आणि फोनमध्ये आधीपासून आपलंच शोधयंत्र असावं म्हणून गुगलनं २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते, हे त्या खटल्यात बाहेर आलं. एकट्या अॅपलला २०२२ मध्ये २० अब्ज. माणूस डीफॉल्ट, म्हणजे आधीच बसवून दिलेलं, बदलत नाही, या एका गोष्टीची ही किंमत. आपल्याकडे आयोगाच्या आदेशानंतर २०२३ पासून नव्या फोनवर शोधयंत्र निवडायची सोय द्यावी लागली. मी यार्डातल्या ओळखीच्या लोकांना विचारलं. असा पडदा कधी दिसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

शेवटचा पर्याय, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल चढवायचा. अण्णांनी तो एका वाक्यात निकाली काढला: तिथे गिऱ्हाईक त्यांचं होतं, आपलं फक्त पोतं राहतं.

काय केलं

नावावरची जाहिरात सुरू होऊन आठवड्याभरात लिलावाचा अहवाल आला. स्थानिक विक्रेता आणि ती मोठी बाजारपेठ, दोघंही त्यात होते. आता त्या विक्रेत्याशी बोलायचं कसं? मुलगा नोटिशीवर ठाम होता. अण्णांनी यार्डातल्या एका वयस्कर अडत्याला मध्ये घातलं. त्यांना सगळे तात्या म्हणतात आणि दोन्ही घरांचा माल त्यांच्या अडतीवरून गेलेला आहे. सौदे उरकल्यावर अडतीच्या गादीवर बैठक झाली. समोरचा विक्रेता खरोखरच चकित झाला. "अण्णा, तुमचं नाव मी कशाला लावू? मला त्यातलं काय कळतंय? पोरं बघतात कोल्हापुरातनं." एजन्सीला तिथूनच फोन लावला. ब्रॉड मॅचच निघालं. एजन्सीच्या मुलानं यांचं नाव 'निगेटिव्ह' यादीत, म्हणजे ज्या शोधावर आपली जाहिरात दाखवू नका असं सांगता येतं त्या यादीत, टाकलं. यांनीही त्यांचं नाव आपल्या यादीत टाकलं. तात्यांनी चहा मागवला. दोन दिवसांनी स्क्रीनवरून ती जाहिरात गेली.

नोटीस आधी गेली असती तर? मला वाटतं, समोरच्यानं वकील गाठला असता आणि वकिलानं त्याला सांगितलं असतं की तुझं काही चुकलेलं नाही. मग तो अडून बसला असता.

मोठ्या बाजारपेठेचं तसं नाही. तिथे तात्या नाहीत. तक्रारीच्या अर्जाला ठराविक साच्याचं उत्तर आलं आणि जाहिरात चालूच राहिली. तिच्यावर क्लिक केलं की यांचा माल नसतोच, दुसऱ्याच कुणाच्या हळदीची यादी उघडते.

बाकीची कामं सावकाश झाली. ट्रेडमार्कचा अर्ज भरला, तोही 'सांगली हळद' हे शब्द बाजूला ठेवून, एका वेगळ्या छोट्या नावानं आणि चिन्हानं. नव्या पाकिटांवर वेबसाइटचा पत्ता आणि क्यूआर कोड आला. कोड स्कॅन केला की व्हॉट्सअॅप उघडतं आणि 'मागच्या वेळेसारखंच पाठवा' एवढा निरोप तयार असतो. ही कल्पना सूनबाईंची आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत कामाची. अडचण एकच आली. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ च माणसं बसतात, आणि ज्यानं आपला नंबर जतन केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी घातली: हा नंबर 'हळद' म्हणून जतन करा.

बिंगवरही थोडी रक्कम लावली. गुगलवरची मोहीम तिथे जशीच्या तशी आयात करता येते, त्यामुळे काम फारसं नव्हतं.

निष्पत्ती

२०२५ च्या हंगामात नाव शोधून येणाऱ्यांची संख्या घटली, पण ऑर्डरी वाढल्या. जुनं गिऱ्हाईक आता शोधतच नाही, स्कॅन करतं. निम्म्याहून जास्त फेरऑर्डरी व्हॉट्सअॅपवरून आल्या. अण्णा खूश. मी त्यांना आठवण करून दिली की व्हॉट्सअॅपही एका बड्या कंपनीचंच आहे, आणि त्याच्या मालकाला, मेटाला, आपल्याच स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटींचा दंड केलाय. मालक बदलला, भाडेकरूपण गेलं नाही. फरक एवढाच की गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते आता वहीत आहेत, आणि उद्या व्हॉट्सअॅपनं दर लावले तरी पोस्टकार्ड टाकता येईल.

बिंगनं अपेक्षेपेक्षा वेगळं काम केलं. घरगुती ऑर्डरी जेमतेम आल्या. पण कंपन्यांमधून विचारणा आल्या, दिवाळीच्या भेटीसाठी मसाल्यांचे डबे वगैरे. ऑफिसच्या विंडोज संगणकावर एज ब्राउझर असतो, एजमध्ये बिंग. तिथेही डीफॉल्टचाच महिमा, फक्त मायक्रोसॉफ्टच्या बाजूनं.

एक गोष्ट मध्येच बदलली, ती कुणाच्याच हिशेबात नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलनं भारतात शोधाच्या वर एआयनं तयार केलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली, ऑक्टोबर अखेरीस चॅटजीपीटीत वेबशोध आला. 'राजापुरी हळद ओळखायची कशी' हा यांच्या वेबसाइटवरचा लेख पूर्वी बरीच माणसं आणायचा. आता उत्तर वरच मिळतं, लेखावर कुणी येत नाही. नावाच्या शोधावर मात्र याचा परिणाम दिसला नाही. ज्याला अमुकाचीच हळद हवी आहे तो यंत्राशी गप्पा मारत बसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नावावरच्या जाहिरातीचा खर्च आजही चालू आहे आणि त्यातला किती वाया जातो, हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेच्या अर्थतज्ज्ञांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद केल्या तेव्हा जवळपास सगळी माणसं खालच्या फुकटच्या दुव्यावरून तशीच आली. ईबेचं नाव जगजाहीर, या कुटुंबाचं नाही, आणि इथे वर दुसऱ्याची जाहिरात बसलेली आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. पण तपासता आला असता. जाहिरात जिल्ह्यानुसार बंद-चालू करता येते. स्थानिक विक्रेता बाजूला झाला त्याच आठवड्यात कोल्हापूर आणि सोलापुरात ती थांबवून बघायला हवी होती. हंगाम तापलेला, कुणाची छाती झाली नाही. २०२५ च्या मे महिन्यात, हंगाम ओसरताना, थोडंसं करून पाहिलं. कोल्हापुरात फरक जाणवला नाही, पुण्यात जाणवला. पुण्यात ती मोठी बाजारपेठ जवळपास प्रत्येक शोधावर हजर असते.

ट्रेडमार्कचा अर्ज २०२० मध्येच, वेबसाइटच्या आठवड्यात व्हायला हवा होता. पाकिटावरचा पत्ताही. यात गुगलचा काही संबंध नाही, शाई आणि साडेचार हजारांचा प्रश्न होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या खटल्याचा पुढचा आदेश आला. गुगलला आपला क्रोम ब्राउझर विकायची गरज नाही, डीफॉल्टसाठी पैसे देता येतील पण एकाधिकाराचे करार नाहीत, आणि शोधाची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यावी लागेल. मुलानं विचारलं, याचा आपल्याला काय फायदा? मी म्हटलं, स्पर्धक उभे राहिले तर पाच-सात वर्षांनी कदाचित तिसरं दार उघडेल. तोपर्यंत येत्या हंगामासाठी ठरलेलं असं: कोल्हापूर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांत नावावरची जाहिरात बंद, पुणे, मुंबई, ठाण्यात चालू, पण फक्त फेब्रुवारी ते मे. वाचलेले पैसे चिठ्ठ्या छापायला. अण्णांचं एक मागणं मात्र अजून टेबलावर आहे. त्या मोठ्या बाजारपेठेवर एकच पाकीट, सर्वांत महाग, चढवून ठेवायचं, म्हणजे तिच्या जाहिरातीवरून जाणाऱ्याला निदान आपलं खरं पाकीट तिथे दिसेल. सूनबाईंना ते पटलेलं नाही, मला निम्मं पटतं.